64 एमबीची वाटणी

शार्प कंपनीने 2002 मध्ये विक्रीला आणलेला झॉरस एसएल-5500 हा तळहातावर मावणारा लिनक्स संगणक. त्यात रॅम 64 एमबी आणि फ्लॅश 16 एमबी. या तुटपुंज्या रॅमचेही कंपनीने दोन भाग पाडले होते. एकात प्रोग्रॅम चालत, दुसरा डिस्कसारखा फायली साठवायला राखलेला असे. बॅटरी पुरती संपली की त्या फायलीही जात. अशा यंत्राकडे पाहताना टंचाई आधी डोळ्यांत भरते. पण त्याचा इतिहास बारकाईने पाहिला, तर मेमरी किती आहे याइतकेच ती कशी वाटायची हे कोण ठरवतो, यालाही महत्त्व होते असे दिसते.

याचा पुरावा ओपनझॉरस या स्वयंसेवी प्रकल्पात सापडतो. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलचा सोर्स कोड खुला असल्यामुळे या मंडळींनी वेगवेगळ्या वाटणीचे कर्नल तयार केले: 64-0, 48-16, 32-32. पहिला आकडा प्रोग्रॅमसाठीच्या मेमरीचा, दुसरा साठवणीचा. ज्याच्याकडे मेमरी कार्ड होते, तो फायली कार्डावर ठेवून सगळी रॅम प्रोग्रॅमना देऊ शकत होता. एकही चिप न बदलता यंत्राचा आवाका वाढला. फ्लॅशवर जेएफएफएस2 ही फाइल सिस्टीम मजकूर दाबून साठवत असल्याने तिथेही जागा निघाली. ब्रूस पेरेन्स यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यावर डेबियनच्या एका फ्लॉपीसाठी लिहिलेल्या बिझीबॉक्सने डझनावारी कमांड एकाच प्रोग्रॅममध्ये बसवल्या होत्या. छोट्या यंत्रांना तीच युक्ती उपयोगी पडली. पडद्याचे काम क्यूटी हे सॉफ्टवेअर थेट करत असल्यामुळे, लिनक्सवर एरवी ते काम करणाऱ्या एक्स सर्व्हरचे ओझेही टळले.

यावर आक्षेप घेता येतो की मेमरी पुढे स्वस्त झाली, मग ही काटकसर तात्पुरतीच ठरली. शिवाय ती फुकटही नव्हती: दाबलेला मजकूर उलगडायला प्रोसेसर आणि बॅटरी खर्च होते, आणि कार्डावर स्वॅप (रॅममध्ये न मावलेला मजकूर) ठेवला तर सततच्या लेखनाने फ्लॅश झिजते. दुसरा मुद्दा खरा आहे, आणि त्यातूनच पुढची वाट निघाली. नितीन गुप्ता यांच्या कॉम्पकॅश या लिनक्स प्रकल्पाने स्वॅप कार्डावर न नेता रॅममध्येच दाबून ठेवला. तेच तंत्र झेडरॅम या नावाने 2014 मध्ये लिनक्स 3.14 मध्ये प्रयोगावस्थेतून बाहेर पडून कर्नलचा पक्का भाग झाले. त्याआधी 2013 मध्ये अँड्रॉइड 4.4 ने 512 एमबीच्या फोनसाठी त्याचा आधार घेतला होता. मेमरी स्वस्त झाल्याचा मुद्दा इथेच लंगडा पडतो: चिप स्वस्त झाली तरी सर्वांत कमी किमतीच्या फोनमध्ये ती कमीच बसवली जाते, आणि तोच फोन अनेकांना परवडतो.

म्हणून छोट्या यंत्रांच्या या इतिहासाचा निष्कर्ष आजही लागू आहे. जुने यंत्र भंगारात काढण्याआधी त्याची मेमरी कुठे जाते ते तपासावे, आणि ती वाटणी बदलण्याचा अधिकार आपल्याकडे राहील अशीच यंत्रे मागावीत.