ओपनिंगला नाव कुणाचं?

बुद्धिबळात 'ग्रुनफेल्ड डिफेन्स' नावाची एक ओपनिंग आहे. ऑस्ट्रियाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड १९२२ साली ती खेळू लागला. त्याच वर्षी व्हिएन्नात काळी मोहरी घेऊन त्याने खुद्द अलेखाइनला तिच्या जोरावर हरवलं आणि पुस्तकात त्याचं नाव कायमचं लागलं. आता गंमत बघा. हीच ओपनिंग त्याच्या ६७ वर्षं आधी, मे १८५५ मध्ये, कलकत्त्याला एक बंगाली ब्राह्मण खेळून गेला होता. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. जगभरातल्या किती खेळाडूंना हे नाव ठाऊक असेल? आपल्याकडच्याही किती जणांना?

हे सगळं उकरून काढायला निमित्त झालं भाच्याचं. तो इथे यवतमाळात बुद्धिबळाच्या क्लासला जातो. त्याने एक दिवस विचारलं, "मामा, कोणती ओपनिंग पाठ करू? अशी सांगा, की लगेच अटॅक करता आला पाहिजे." प्रश्न साधा होता, पण त्यातला 'पाठ करू' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. कारण आमच्या घरात बुद्धिबळ तीन पिढ्यांपासून आहे आणि पहिल्या पिढीत ओपनिंग पाठ करणं ही भानगडच नव्हती.

आमचे आजोबा दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचे. कापूस विकून झाला, उन्हाळा लागला की छपरीत सतरंजी पडायची आणि डाव मांडला जायचा. ते खेळायचे ते देशी बुद्धिबळ. ज्यांनी ते बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे जायचं, दोन घरांची उडी नाही. कॅसलिंग नाही. त्याऐवजी राजाला, त्याला शह लागलेला नसेल तर, सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता यायची. प्यादं पलीकडे पोचलं की ते सरसकट वजीर व्हायचं नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं ते मोहरं व्हायचं. समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला तर ती 'बुर्जी', म्हणजे डाव बरोबरीत. आणि सगळ्यात मानाचा विजय म्हणजे प्याद्याने केलेली मात. हे बारकावे गावागणिक थोडे थोडे बदलायचे, त्यामुळे परगावचा खेळाडू आला की आधी नियमांची बोलणी व्हायची.

अशा खेळात ओपनिंगचं महत्त्व किती असणार? प्यादी मुंगीच्या पावलांनी सरकणार. दोन्ही फौजा समोरासमोर येईपर्यंत आठ-दहा चाली सहज जायच्या. तोवर ज्याने त्याने आपापला गड बांधून घ्यायचा. उंटाला वाट हवी तर घोड्यापुढचं प्यादं एक घर सारायचं आणि उंट त्या खिडकीत बसवायचा. तिथून तो सबंध पट तिरका न्याहाळत बसतो. पाठ करण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुरुवातीला कुणी मरत नव्हतं ना!

युरोपात नेमकं उलटं झालं. पंधराव्या शतकाच्या शेवटी तिथे वजीर आणि उंट आजच्यासारखे लांब पल्ल्याचे झाले, प्याद्याची दोन घरांची उडी तर होतीच. त्यामुळे चौथ्या-पाचव्या चालीतच राजाच्या गळ्याशी येऊ लागलं. एखादी चाल फुकट गेली की डाव गेला. मग कुणी कुठे काय खेळलं आणि कसा मेला, हे लिहून ठेवणं आलं. ओपनिंगची पुस्तकं जन्मली ती या भीतीतून. म्हणजे ओपनिंगचा अभ्यास हा काही हुशारीचा दागिना नव्हता, ती गरज होती. आपल्याला ती गरज पडली नाही, म्हणून आपण लिहिलं नाही.

आपल्याकडे लिहिणारे नव्हते असं मात्र नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त बुद्धिबळ आहे. सतराव्या शतकात काशीला स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणकर भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनीही आपल्या 'नीतिमयूखा'त त्याचं वर्णन केलं आहे. आणि १८१४ साली तर चक्क मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक त्र्यंगडाचार्य शास्त्री (इंग्रजी स्पेलिंगवरून नाव असंच काहीसं वाचता येतं), आणि मजकूर मूळ संस्कृतातून आणलेला. पण त्या पुस्तकात मुख्यतः आहे काय? मांडलेल्या स्थिती! अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, आता मात करून दाखवा. म्हणजे कोडी. आपल्या शास्त्र्यांना गोडी होती ती शेवटाची. डाव सुरू कसा करावा यापेक्षा तो नजाकतीने संपवावा कसा, याची. प्याद्याने मात केली की टाळी मिळायची, दुसऱ्या चालीला घोडा काढला म्हणून कोण टाळी देणार?

आता पुन्हा कलकत्त्याला जाऊ. १८४० च्या दशकात तिथे जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, युरोपातल्या पट्टीच्या खेळाडूंपैकी एक. १८४८ च्या सुमारास कलकत्ता चेस क्लबच्या मंडळींना कळलं, की आसपासच्या मुलखात एक ब्राह्मण आहे आणि तो कुणाला हार जात नाही. तोच महेशचंद्र. त्याला बोलावलं, विलायती नियम सांगितले आणि कॉक्रेनसमोर बसवलं. पुढची दहा-बारा वर्षं हे दोघे शेकडो डाव खेळले.

त्यातली दोन प्रकरणं मी भाच्याला पटावर लावून दाखवली. ओपनिंग आणि अटॅक या दोन्हींचा धडा त्यांत आहे.

पहिलं १८४८ चं. दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे टाकली, दोघांचे घोडे बाहेर आले. कॉक्रेनच्या घोड्याने मधलं प्यादं खाल्लं आणि महेशचंद्राने वजिरापुढचं प्यादं एक घर सारून त्या घोड्याला हुसकलं. कुणीही शहाणा माणूस इथे घोडा मागे घेईल. कॉक्रेनने तो सरळ राजाच्या बाजूच्या उंटापुढच्या प्याद्यावर आदळला! दोन प्याद्यांच्या मोबदल्यात घोडा दिला. का? तर सुरुवातीच्या मांडणीत त्या एका प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. राजाला स्वतः उठून घोडा मारावा लागतो, त्याचं कॅसलिंग कायमचं जातं आणि तो भर चौकात उघडा पडतो. आज या चालीला 'कॉक्रेन गॅम्बिट' म्हणतात. दीडशे वर्षं उलटून गेली तरी लोक ती खेळतात.

दुसरं प्रकरण १८५५ चं, म्हणजे सुरुवातीला सांगितलं ते. तोवर महेशचंद्र सात वर्षं शिकला होता. पांढऱ्याने वजिराकडची प्यादी पुढे टाकली. याने घोडा काढला, दुसऱ्या घोड्यासाठी नव्हे तर उंटासाठी खिडकी केली (ही आपली देशी सवय), आणि मग वजिरापुढचं प्यादं एकदम दोन घरं पुढे टाकून पांढऱ्याच्या मध्याला भिडला (ही नवी विलायती सोय). पुढे कॅसलिंगही केलं. मला या डावात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. घरचं सोडलं नाही आणि बाहेरचं नाकारलं नाही. दोन्ही जोडून त्याने एक तिसरीच गोष्ट केली, जी युरोपला ६७ वर्षांनी सुचली.

डाव मात्र तो हरला. कॉक्रेनचा घोडा पुन्हा त्याच प्याद्यावर जाऊन बसला आणि तीन चालींत मात अटळ झाली. घोड्याचा आणि वजिराचा दुहेरी शह, मग वजिराचं बलिदान, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. ओपनिंग नवी होती, बरी होती, पण नुसत्या चांगल्या ओपनिंगने डाव वाचत नाही, हेही त्याच डावात दिसतं. उलट दुसऱ्या एका डावात याच महेशचंद्राने तशाच उंटाच्या मांडणीतून स्वतःचा वजीर मारू दिला, बदल्यात एक प्यादं घुसवून पांढऱ्याची फळी खिळखिळी केली आणि डाव जिंकला. तेव्हा 'आपले लोक बचावाचेच' असं कुणी म्हणालं तर हा डाव पुढे करावा.

याच सुमाराला, १८५८ साली, पॅरिसच्या ऑपेरात पॉल मॉर्फीने १७ चालींत तो प्रसिद्ध डाव जिंकला. त्या डावातला अटॅक डोळे दिपवतो, पण नीट बघितलं तर मॉर्फीने फार साधं केलंय. प्रत्येक चालीला एक मोहरं कामाला लावलं आणि समोरचा आपली मोहरी घरात ठेवून बसला. सगळी फौज आल्यावर हल्ला केला, इतकंच. पुढे श्टाइनिट्झने (१८८६ चा पहिला अधिकृत जगज्जेता) त्याचा नियमच करून टाकला, की आपली बाजू आधी वरचढ झाल्याशिवाय हल्ल्याला अर्थ नाही. म्हणजे अटॅक शिकायचा असेल तर ओपनिंग समजली पाहिजे, आणि ओपनिंग समजायची असेल तर प्रत्येक चालीला 'का?' विचारलं पाहिजे. पाठ केलेल्याचा उपयोग समोरचा पुस्तकाबाहेर जाईपर्यंतच. तो गेला की आपण चौकात उघडे.

महेशचंद्रानंतर साठ-सत्तर वर्षांनी पंजाबचा मीर सुलतान खान असाच देशी खेळावर वाढून विलायतेला गेला. ओपनिंगची पुस्तकं त्याने वाचलेली नव्हती, सुरुवातीला तो अनेकदा अडचणीत यायचा आणि मग मधल्या खेळात सावरायचा. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. १९३४ साली फिलिप सार्जंट या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलं, की उंट खिडकीत बसवण्याचे हे 'इंडियन' बचाव युरोपने बरेचसे महेशचंद्र आणि त्याच्यासारख्या हिंदी खेळाडूंकडून घेतले. सुलतान खानला फिडेने मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली. तो जाऊन ५८ वर्षं झाली होती.

म्हणजे हिशोब असा झाला. पेट्रोव्ह, ग्रुनफेल्ड, कॉक्रेन यांच्या नावाने ओपनिंग. आणि आपल्या वाट्याला 'किंग्ज इंडियन', 'निम्झो इंडियन'. म्हणजे 'कुणीतरी हिंदी माणूस'. मला याचा राग येत नाही. कारण महेशचंद्राचे डाव आज आपल्याला दिसतात तेही कलकत्त्याच्या साहेबांनी ते लिहून विलायतेतल्या मासिकांना धाडले म्हणून. नाही तर तोही आमच्या आजोबांसारखाच गेला असता, 'कुणाला हार जात नव्हता' एवढीच आठवण मागे ठेवून. नाव चोरलं गेलं असं नाही. नाव वहीवाल्याला मिळालं.

आपल्याकडे वही आली ती नंतर. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्यांच्या जोडीने मिळवलं. १९७४ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं ते पद 'नवाकाळ'वाल्या नीळकंठ खाडिलकरांच्या घरातच वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींत फिरत राहिलं. रोहिणी तर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि १९८१ ला आशियाई विजेती झाली. आपल्या वऱ्हाडातला, अमरावतीचा स्वप्नील धोपाडे २०१५ ला ग्रँडमास्टर झाला. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक आणला. तिचा प्रत्येक डाव चालीबरहुकूम जगाला बघता आला. नागपूर आमच्या यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर. आजोबांच्या छपरीपासून बाटुमीपर्यंतचं अंतर मात्र किलोमीटरमध्ये सांगता यायचं नाही.

भाच्याला मी कुठलीच ओपनिंग पाठ करायला सांगितली नाही. दोनशे पानी वही दिली. खेळलेला प्रत्येक डाव लिहायचा, हरलेला आधी. कुठल्या चालीला घाम फुटला तिथे खूण करायची, आणि मग पुस्तकात बघायचं, की तिथे आधी कोण अडकलं होतं आणि ते कसं सुटलं. ओपनिंगचा अभ्यास म्हणजे दुसरं काय हो? आपल्या आधी त्या रस्त्याने गेलेल्यांची वही वाचणं.

आजोबांचा एकही डाव आज कुणाजवळ नाही. मला आठवतं ते इतकंच, की ते बहुतेक वेळा घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात करायचे आणि "घाई कायची हाय बे?" म्हणत समोरच्याची चाल बघत बसायचे. नात्यातल्या मोठ्या मंडळींना एक विनंती. तुम्ही त्या छपरीत बसला असाल, त्यांची दुसरी-तिसरी चाल कुणाला आठवत असेल, बुर्जीचा किंवा राजाच्या उडीचा आपल्या गावचा नियम कुणाला नीट माहीत असेल, तर जरूर कळवा. मी लिहून ठेवतो.