गॅसच्या शेकोटीचं कूळ

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात गॅसची शेकोटी, तिथल्या बोलीत ‘गॅस फायर’, बहुधा आधीपासूनच असते. ती बदलायची झाली की लोक ज्वाळेचं रूप बघतात. मी म्हणेन, आधी तिचं कूळ बघा.

तिचा मूळपुरुष म्हणजे दगडी कोळशाची उघडी शेकोटी. तिची बहुतेक ऊब धुराड्यातून आकाशात जाई. 1796 मध्ये काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करायला सांगितलं, ते याच गळतीसाठी. पुढे कोळशापासून काढलेला गॅस आला, पण तो दिव्यांसाठी. 1855 च्या सुमारास बन्सेनच्या बर्नरने गॅसमध्ये आधीच हवा मिसळली आणि ज्योत निळी, काजळीविना जळू लागली. मात्र निळ्या ज्योतीसमोर बसलं तर अंगाला धग फारशी लागत नाही. तापलेली हवा सरळ वर जाते. म्हणून ज्योतीवर भट्टीच्या मातीच्या जाळीदार खापऱ्या उभ्या केल्या. त्या लालबुंद होतात आणि धग समोर फेकतात. या सगळ्या वंशावळीत मला ही खापरीच सर्वांत मोलाची वाटते.

डिसेंबर 1952 मध्ये लंडन विषारी धुरक्यात गुदमरलं, 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळसा घराघरांतून हटू लागला. 1967 ते 1977 या काळात उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूसाठी घरोघरची उपकरणं बदलली गेली.

मग हौसेने उलटी वाट धरली. खोटे निखारे, पिवळ्या ज्वाळा, उघडं तोंड. मूळपुरुषाचा दोष जसाच्या तसा परतला. अशी शेकोटी दिसते सुंदर, पण ऊब पुन्हा धुराड्याच्या स्वाधीन होते.

म्हणून तोंडाला काच असलेलीच घ्या. बाहेरची भिंत असेल तर ‘बॅलन्स्ड फ्लू’ची उत्तम: नळीत नळी, बाहेरच्या नळीने हवा आत येते, आतल्या नळीने धूर बाहेर जातो, खोलीतली गरम हवा खर्ची पडत नाही. 2018 पासून अशा शेकोट्यांवर ऊर्जेचं लेबल असतं. कार्यक्षमता 80 टक्के असेल तर 5 किलोवॉट गॅस जाळून 4 किलोवॉट ऊब खोलीत येते. खोलीच्या गरजेपेक्षा मोठी घेऊ नका. बसवायला ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेलाच माणूस बोलवा, आणि त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून घ्या.