कोंडवाडा, जॅमर आणि शंभर पौंडांचे पत्र

#थ्रेड #इतिहास

१/ इंग्लंडमधील एखाद्या वसाहतीत राहणारा माणूस स्वतःच्याच दारासमोर गाडी उभी करतो आणि काही दिवसांनी त्याच्या हाती शंभर पौंडांच्या मागणीचे पत्र पडते. पत्र सरकारी थाटाचे असते, पण पाठवणारी असते एक खाजगी कंपनी. दंड करण्याचा अधिकार राजसत्तेचा. मग तो या कंपनीला कोणी दिला? या प्रश्नाचा इतिहास मोटारीहून कितीतरी जुना आहे.

२/ आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा. नगरपालिका किंवा तत्सम शासकीय संस्था देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तिच्यामागे कायद्याने नेमून दिलेली सत्ता असते. खाजगी कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोहोंची आद्याक्षरे एकच, पीसीएन. दुसऱ्या कागदाला कायद्याच्या भाषेत दंड म्हणताच येत नाही. ती केवळ पैशांची मागणी असते आणि ती मान्य नसेल तर कंपनीला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

३/ जमीनमालकाने परक्याची वस्तू अडवून ठेवण्याची प्रथा मध्ययुगीन आहे. शेजाऱ्याची गुरे शेतात शिरून पिकाची नासाडी करू लागली, तर ती पकडून नुकसानभरपाई मिळेपर्यंत अडकवून ठेवण्याची मुभा इंग्लंडचा रूढ कायदा शेतकऱ्याला देत असे. मात्र एक अट होती : प्रत्यक्ष नुकसान झालेले असले पाहिजे. नुसते पाऊल पडले म्हणून गुरे अडवता येत नसत.

४/ मराठी वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्यांना वैधानिक चौकट दिली. पिकात शिरून नुकसान करणारी गुरे पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची, आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ती सोडवायची. तत्त्व तेच, पण येथे शेतकरी आणि गुरांचा मालक यांच्यामध्ये शासन उभे होते.

५/ विसाव्या शतकात गुरांची जागा मोटारींनी घेतली. चाकाला लावायचा जॅमर अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९५५ पासून वापरात आला. लंडनच्या सार्वजनिक रस्त्यांवर तो १९८३ मध्ये पोहोचला. पुढे खाजगी जमीनमालकांनीही हेच शस्त्र उचलले. वाहन अडकवायचे आणि रोख रक्कम हाती पडल्यावरच सोडायचे. कोंडवाडा परत आला होता; फरक इतकाच की त्याची किल्ली आता कंत्राटदाराच्या खिशात होती.

६/ स्कॉटलंडने हा प्रकार लवकर ओळखला. ‘ब्लॅक विरुद्ध कारमायकेल’ या १९९२ च्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने ठरवले की, खाजगी जमिनीवर जॅमर लावून सुटकेसाठी पैसे मागणे ही खंडणी ठरू शकते, आणि मालकाला त्याच्या वाहनाच्या उपभोगापासून वंचित ठेवणे ही चोरीही ठरू शकते. तेथे खाजगी जॅमरचा धंदा या निकालाने जवळजवळ संपवला.

७/ इंग्लंडने वेगळी वाट धरली. ट्रुरो येथील एका खाजगी वाहनतळावर ४० पौंडांच्या सुटका-शुल्कावरून उद्भवलेला ‘आर्थर विरुद्ध अँकर’ हा खटला १९९५ मध्ये अपील न्यायालयापुढे आला. गुरे अडवण्याच्या जुन्या हक्काचा आधार न्यायालयाने नाकारला, कारण उभ्या गाडीने प्रत्यक्ष नुकसान केले नव्हते. जॅमर मात्र वैध ठरला, तो संमतीच्या तत्त्वावर : फलक वाचून जो गाडी लावतो, तो परिणामही पत्करतो. शुल्क अवाजवी नसावे आणि पैसे देऊ करताच सुटका व्हावी, या मर्यादाही न्यायालयाने घातल्या.

८/ संमतीच्या या पायाला २००० मध्ये तडा गेला. पूर्व लंडनमध्ये रुग्णालयातून परतणाऱ्या एका महिलेने प्रकृती बिघडल्यामुळे गाडी बाजूला घेतली. ती चार पावले दूर जाते तोच चाकाला जॅमर लागला. इशाऱ्याचा फलक तिला दिसलाच नव्हता. अपील न्यायालयाने निकाल दिला की जे वाचलेच नाही त्याला संमती दिली असे मानता येणार नाही. तेव्हापासून वादाचा केंद्रबिंदू फलक झाला : तो कोठे होता, केवढा होता, दिसत होता की नाही.

९/ अखेर संसदेने हस्तक्षेप केला. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जमिनीवर जॅमर लावणे १ ऑक्टोबर २०१२ पासून गुन्हा ठरवले. लोकांना हायसे वाटले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांच्या हाती नवे साधन दिले. चालक कोण हे ठाऊक नसले, तरी काही अटी पाळल्यास वाहनाच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागता येऊ लागली.

१०/ लोखंडाची जागा कागदाने घेतली. कॅमेरा क्रमांक टिपतो, परवाना व नोंदणी खाते अडीच पौंडांच्या शुल्कात धारकाचा पत्ता पुरवते आणि पत्र रवाना होते. मात्र वाहनावर चिठ्ठी न लावता केवळ कॅमेऱ्यावर विसंबलेली नोटीस १४ दिवसांच्या आत धारकापर्यंत पोहोचली पाहिजे. मुदत चुकली, तर या परिशिष्टाखाली धारकावर जबाबदारी टाकता येत नाही. उरतो तो केवळ चालक, आणि त्याचे नाव सांगण्याचे बंधन हे परिशिष्ट धारकावर घालत नाही.

११/ या मागणीचा मुख्य आधार करार हा आहे. फलक म्हणजे प्रस्ताव, गाडी लावणे म्हणजे स्वीकार. याची कसोटी लॉर्ड डेनिंग यांनी ‘थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग’ या १९७० च्या निकालात लावली होती. एक ट्रम्पेटवादक बीबीसीच्या कार्यक्रमासाठी जाताना स्वयंचलित वाहनतळात गाडी ठेवून गेला आणि गाडी घ्यायला परतल्यावर अपघातात गंभीर जखमी झाला. दायित्व नाकारणारी अट आत खांबावर लावलेली होती. न्यायालय म्हणाले, करार यंत्रापाशीच पूर्ण झाला. नंतर दिसणारी अट त्यात घुसडता येणार नाही.

१२/ दुसरी ढाल होती दंडविरोधी नियमाची. करार मोडल्याची भरपाई मागता येते, पण धाक बसवणारी शिक्षा करारात लिहिता येत नाही. टायर-विक्रीच्या ‘डनलप’ खटल्यात लॉर्ड ड्युनेडिन यांनी १९१४ मध्ये त्याच्या कसोट्या मांडल्या. हिंदुस्थानात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ने हा गुंता आधीच सोडवला होता : करारात आकडा काहीही असो, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देईल.

१३/ ही ढाल ४ नोव्हेंबर २०१५ रोजी बोथट झाली. चेम्सफर्डच्या एका खरेदी-संकुलात दोन तास मोफत पार्किंग होते. बॅरी बीव्हिस ५६ मिनिटे अधिक थांबले आणि त्यांच्याकडे ८५ पौंड मागितले गेले. जमीनमालकाचे काहीच नुकसान झाले नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी रक्कम योग्य ठरवली. जागा फिरती राहावी यात वाजवी हितसंबंध आहे, आकडा अवास्तव नाही आणि सुमारे वीस ठळक फलक लावलेले आहेत, ही त्यामागची कारणे. लॉर्ड टूल्सन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले.

१४/ पण दुकानांचे वाहनतळ म्हणजे वसाहतीचा रस्ता नव्हे. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात २०१६ मध्ये हा फरक स्पष्ट झाला. एका रहिवासी महिलेने जड सामान उतरवण्यासाठी आपल्याच इमारतीच्या दाराशी काही मिनिटे गाडी थांबवली आणि तिला नोटीस मिळाली. अपिलात न्यायाधीशांनी म्हटले की सामान उतरवण्यापुरते थांबणे म्हणजे ‘पार्किंग’ नव्हे. नाही तर इमारतीत राहणेच अशक्य होईल. शिवाय भाडेपट्ट्याने मिळालेला ये-जा करण्याचा हक्क नंतर उभारलेल्या फलकाने हिरावता येत नाही.

१५/ म्हणून वसाहतीच्या रस्त्यावरील वादात चार प्रश्न निर्णायक ठरतात. रस्ता खाजगी आहे की नगरपालिकेच्या देखभालीतला? देखभाल पालिकेची असेल, तर चौथे परिशिष्ट लागूच होत नाही. कंपनीला जमीनमालकाने अधिकार दिला आहे काय? फलक वाचता येण्याजोगा होता काय? आणि रहिवाशाचा भाडेपट्टा फलकापूर्वीच काय सांगतो?

१६/ संसदेने २०१९ मध्ये या क्षेत्रासाठी एकच आचारसंहिता आणण्याचा कायदा केला. शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता प्रसिद्ध केली, कंपन्यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले आणि जूनमध्ये ती मागे घेण्यात आली. २०२४ मध्ये या व्यवसायातील दोन संघटनांनी स्वतःच एक संयुक्त संहिता लागू केली. म्हणजे ज्यांच्यावर नियंत्रण हवे होते, त्यांनीच नियम लिहिले.

१७/ मध्ययुगीन शेतकऱ्याला गुरे अडवण्यापूर्वी नुकसान दाखवावे लागे. आजच्या कंपनीला नुकसान दाखवावे लागत नाही, पण करार दाखवावा लागतो. रहिवाशाचे सारे बळ याच फरकात आहे. पत्राच्या सरकारी थाटाला भिऊन जो पैसे भरून मोकळा होतो, तो हा करार तपासण्याची संधीही गमावतो.