वाळवंटातील नळाचे पाणी : दर घटला, भरवशाचे काय?

गोव्यातील कितीतरी कुटुंबांतील माणसे नोकरीनिमित्त कुवेत, दुबई, दोहा वा मस्कत येथे राहतात. यांपैकी एकाही शहराजवळ बारमाही वाहणारी नदी नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर या शहरांत तो साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तरीही तेथील नळ चोवीस तास वाहतात. हे पाणी समुद्राचे असते आणि मीठ काढूनच ते घरोघरी पोहोचते. ते यापुढे किती स्वस्त राहील आणि किती भरवशाचे, हा प्रश्न म्हणूनच गोमंतकीयांनाही परका नाही.

गलबतांपासून कारखान्यांपर्यंत

तेलाचा पैसा येण्यापूर्वी कुवेतचे पिण्याचे पाणी शत्त अल अरब नदीतून गलबतांत भरून आणले जाई. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळवण्यास प्रारंभ झाला. पुढे सर्वच आखाती देशांनी हा मार्ग धरला आणि वीजनिर्मिती केंद्रातील वाफच या कामी वापरली जाऊ लागली. वीज आणि पाणी यांची अशी सांगड पडल्याने एक अडचण निर्माण झाली. हिवाळ्यात वातानुकूलन यंत्रे बंद झाल्यावर विजेची मागणी उतरते, पाण्याची मात्र फारशी उतरत नाही. परिणामी केवळ पाण्यासाठी इंधन जाळावे लागते.

दर कसा उतरला

दुसऱ्या पद्धतीत पाणी उकळावे लागत नाही. प्रचंड दाबाखाली ते सूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते आणि मीठ अलीकडेच राहते. या ‘रिव्हर्स ऑस्मोसिस’ पद्धतीत एक हजार लिटर पाण्यामागे सुमारे ३ ते ४ युनिट वीज लागते. वाफेच्या पद्धतीतील खर्च याहून कितीतरी अधिक असतो. सौर वीज स्वस्त झाल्याने या पद्धतीला आणखी बळ मिळाले. अबुधाबीतील तवीला प्रकल्पासाठी २०१९ मध्ये एक हजार लिटरला सुमारे ४९ अमेरिकी सेंट असा दर आला होता. दुबईच्या हस्सयान प्रकल्पासाठी २०२३ मध्ये तो ३६.५ सेंटपर्यंत खाली आला.

ही घसरण मात्र अशीच चालू राहणार नाही. समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करण्यासाठी किमान किती ऊर्जा लागते, याची निसर्गानेच मर्यादा घातली आहे. ती एक हजार लिटरमागे सुमारे एक युनिट इतकी आहे. पाणी आत घेणे, गाळणे, शुद्ध करणे आणि दूरवर पोहोचवणे यांचा खर्च त्याहून वेगळा. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि ६०० मीटर उंचीवर वसलेल्या रियाधसाठी तर पाणी चढवण्याचा खर्चही मोठा आहे.

पुरवठ्यावरील सावट

आखात उथळ आहे आणि त्याचे तोंड अरुंद आहे. त्याच्या पाण्याची क्षारता मुळातच महासागरापेक्षा अधिक असून, कारखान्यांतून बाहेर पडणारे अतिखारट पाणी पुन्हा त्यातच मिसळते. १९९१ च्या युद्धात आखातात सोडलेल्या कच्च्या तेलाचा तवंग सौदी किनाऱ्याकडे सरकला, तेव्हा जुबैल येथील प्रकल्प वाचवण्यासाठी समुद्रात तरंगते अडथळे उभारावे लागले. २००८-०९ मध्ये सूक्ष्म शैवालांच्या लाल भरतीमुळे संयुक्त अरब अमिरात आणि ओमान येथील काही प्रकल्प बंद ठेवावे लागले.

यावरचा उपाय म्हणजे साठवण. अबुधाबीने लिवाच्या वाळवंटात वाळूखालील जलधर थरात गोडे पाणी मुरवून सुमारे २.६ कोटी घनमीटरचा साठा केला. २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. माणशी दिवसाला १८० लिटर याप्रमाणे दहा लाख लोकांना तो ९० दिवस पुरेल, असा हिशेब आहे. कतारनेही त्याच वर्षी प्रचंड जलाशयांची योजना कार्यान्वित केली.

बिल कोण भरणार?

आखातात पाण्याचा खरा खर्च ग्राहकाकडून क्वचितच वसूल होतो. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. सौदी अरेबियाने २०१६ च्या आरंभी दर वाढवले, तेव्हा जनतेचा रोष उसळला आणि एप्रिलमध्ये जलमंत्र्यांना पद सोडावे लागले. अबुधाबीत २०१५ पासून नागरिकांनाही पाण्याचे बिल येऊ लागले, तरी परदेशी रहिवाशांसाठीचा दर बराच चढा आहे.

थोडक्यात, पाणी गोडे करण्याचा खर्च उतरला, पण कारखाना बंद पडला तरी नळ चालू ठेवण्याचा खर्च वाढतच जाणार आहे. तो बिलातून वसूल करण्याचे ठरले, तर त्याची पहिली झळ परदेशी नोकरदाराच्या घरखर्चाला, आणि पर्यायाने तो गावी धाडत असलेल्या पैशाला बसेल.