शेंदरी बोंडअळी : मलकापूर परिसर

शेंदरी बोंडअळी ही कपाशीच्या बोंडात शिरून सरकी पोखरणारी कीड (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) होय. भडोच येथील नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. सरकीबरोबर प्रवास करीत ती विसाव्या शतकाच्या आरंभी ईजिप्तमध्ये, १९११ मध्ये मेक्सिकोत व १९१७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोहोचली. इतरत्र आगंतुक ठरलेली ही अळी भारतात मात्र पूर्वापार आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि मुंबई–नागपूर लोहमार्ग यांमुळे मलकापूर, नांदुरा व खामगाव या कापसाच्या पेठा बनल्या. किडीच्या दृष्टीनेही ही रचना सोयीची ठरली. अळी जोडबियांत सुप्तावस्थेत राहत असल्याने शेतातला कापूस पेठेत येतो, तशी ती सरकी काढण्याच्या कारखान्यांत येते. उन्हाळ्यानंतर पतंगरूपाने पुन्हा शेतात जाते.

२००२ मध्ये बीटी कपाशीस परवानगी मिळाली, तेव्हा ४५० ग्रॅ. बियाण्याचे पाकीट सु. १,६०० रुपयांना पडे. २००६ नंतर किंमत निम्म्याहून खाली आली. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हा लाभ खरा होता. अळीत प्रतिकारशक्ती उद्‌भवू नये म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅ. साधे बियाणे आश्रयपट्ट्यासाठी मिळे. पण त्या ओळींचे नुकसान एकट्याने सोसायचे आणि फायदा साऱ्या शिवाराला, असा हिशेब असल्याने ते क्वचितच पेरले गेले. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. २०१० मध्ये गुजरातेत शेंदरी अळीने पहिल्या बीटी वाणावर मात केल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात दुहेरी जनुकाचे वाणही महाराष्ट्रात निष्प्रभ ठरले. डोमकळ्या, किडकी बोंडे व कवडी कापूस यांनी उत्पन्न घटले, तर फवारणीचा खर्च वाढला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने माणसेही दगावली; हा खर्च कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. राज्य शासनाने कोरडवाहू कपाशीस हेक्टरी ३०,८०० व बागायतीस ३७,५०० रु. मदत जाहीर केली. तीत पीकविमा व बियाणे कंपन्यांकडून अपेक्षित असलेली भरपाईही धरलेली होती.

त्यामानाने प्रतिबंध स्वस्त आहे : कामगंध सापळे, वेळेवर पेरणी, डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाटीची विल्हेवाट आणि फरदड टाळणे. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले, तरच फवारणी किफायतशीर समजतात. तथापि फरदडीतून हाती येणारे थोडे पैसे सोडणे कोरडवाहू शेतकऱ्यास जड जाते. शिवाय मलकापूरच्या पश्चिमेस जळगाव जिल्ह्यात ओलिताखाली मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी पहिल्या पतंगांना आयते खाद्य पुरविते. पतंगाला जिल्ह्याची हद्द नसते. संयुक्त संस्थानांत बीटी कपाशी, वांझ पतंगांचे प्रसारण व उत्पादकांकडून घेतलेली आकारणी यांच्या बळावर २०१८ मध्ये या किडीचे निर्मूलन जाहीर झाले. तेथील मोठ्या शेतांवर अशी आकारणी वसूल करता आली. वऱ्हाडात तोच निर्णय शिवारातील असंख्य लहान खातेदारांनी एकाच हंगामात घ्यावा लागतो.