राजी : ॲन एन्शंट एपिक

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने भारतीय पुराणकथांवर रचलेला, उड्या, लढाई व कोडी यांचा व्हिडिओ गेम.

2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये संगणकासह इतर यंत्रांवर आला.

नायिका राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला ती शोधते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथा उलगडते. रंगसंगती पहाडी शैलीची (पहा : पहाडी चित्रकला), वास्तू राजस्थानी वळणाच्या, मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांतून येतात (पहा : बाहुल्यांचा खेळ). कोड्यांची मांडणी विशेष लक्षणीय आहे : गोल चित्राची सरकलेली वर्तुळे फिरवून जुळवली की बहीण-भावाची एखादी आठवण पूर्ण होते.

हा एकट्याने खेळायचा खेळ आहे. लोककथेवरचा, दोघांनी मिळून खेळण्याजोगा नमुना म्हणजे ‘नेव्हर अलोन’ (2014). अलास्कातील इनुपियाट समाजाच्या कथाकारांच्या साहाय्याने तो घडला. एक खेळाडू नुना ही मुलगी, दुसरा पांढरा कोल्हा होतो. कथन इनुपियाक भाषेत आहे, आणि वाटेत त्या समाजावरील छोटे माहितीपट खुले होतात (पहा : लोककथा). अशा खेळाच्या शोधात असणाऱ्याने त्यापासून सुरुवात करावी.

‘राजी’ला 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळासाठी नामांकन मिळाले.