गोइयानियातील किरणोत्सर्गमापक (१९८७)

१९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील गोइयानिया शहरी किरणोपचार संस्थेच्या ओसाड इमारतीतून सीझियम-१३७ चा उगम भंगारासाठी उचलला गेला. माणसे आजारी पडू लागली. कारण मात्र कोणास उमगेना. २९ तारखेस एका पदार्थविज्ञानवेत्त्याने युरेनियमच्या शोधार्थ वापरला जाणारा हातातील मापक उसना घेतला. वाटेत तो चालू करताच काटा शेवटच्या रेघेवर गेला व कोणत्याही दिशेस वळविले तरी हलेना. यंत्र बिघडले असे मानून त्याने दुसरे आणले. त्याचीही तीच गत झाली.

ही शंका अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. खनिजशोधाच्या मापकाची मर्यादा अल्प असते, आणि टोकाशी थांबलेला काटा मोजमाप सांगत नाही. 'याहून अधिक' एवढेच सांगतो. गायगर-म्युलर नळीचे काही मापक तर अतितीव्र प्रारणात उलट शून्याकडे उतरतात! यास्तव यंत्राची परीक्षा निघण्यापूर्वीच, ज्ञात उगमाजवळ धरून, करावयाची असते. उसन्या यंत्राच्या बाबतीत ती बहुधा राहूनच जाते.

दुसऱ्या मापकावर विश्वास ठेवून तो पोहोचला, तेव्हा अग्निशामक दलाचे लोक तो उगम उचलून नदीत टाकण्याच्या विचारात होते. त्याने त्यांस परावृत्त केले. पुढे १,१२,००० हून अधिक नागरिकांची तपासणी झाली. २४९ जण दूषित आढळले, चौघे दगावले.